हजेरीपटातली भरती

माझ्या हजेरीपटात एक लाल 'उ' असायचा. उ म्हणजे उशिरा. असा शेरा कुठल्याच नियमात नाही, पण नोकरी नवी होती आणि शिस्तीची हौस दांडगी. त्यामुळे रकान्याच्या कोपऱ्यात लाल पेनानं बारीकसा उ काढायची सवय मी लावून घेतली होती. चौथीतल्या एका मुलीच्या ओळीत हे उ भरपूर. साडेदहाची शाळा, ही सव्वाअकराला दारात. केस ओले, बोटांवर बारीक चिरा, अंगाला खारट वास. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "कालवांना गेलते, बाई."

मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली. आमच्याकडे कालवा म्हणजे ज्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट बघितली जायची आणि ज्याला फक्त निवडणुकीच्या भाषणात पाणी यायचं तो. ही पोरगी सकाळी सकाळी कुठल्या कालव्यावर जाते, आणि इथं कोकणात, हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात डोंगर आणि खाडीच्या मधे कालवा काढला कुणी, हे कोडं मला आठवडाभर सुटलं नव्हतं. शेवटी तिनंच एक दिवस डब्यात घालून आणली. कालवं म्हणजे शिंपल्यातला समुद्री जीव, ती खडकाला घट्ट चिकटलेली असतात, कोयतीच्या टोकानं एकेक फोडून आतला गर काढायचा असतो, आणि वाटीभर गरासाठी सगळी सकाळ जाते, हे तेव्हा कळलं. बोटांवरच्या चिरा त्याच्या.

डिसेंबरअखेर हजेरीची बेरीज मारताना लक्षात आलं की हे उ विखुरलेले नाहीत, पुंजक्यानं येतात. सलग तीन-चार, मग दहा-अकरा दिवस काही नाही, पुन्हा तीन-चार. लुगड्याच्या काठावरच्या बुट्ट्यांसारखे, ठरावीक अंतरावर. आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी इथलेच, निवृत्तीला आलेले. त्यांच्यापुढे हजेरीपट ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केलं. "बीज, तीज, चौथ बघा."

बघितलं. सगळे उ अमावास्येनंतरच्या नाहीतर पौर्णिमेनंतरच्या बीज-तीज-चौथीला. उधाणाचे दिवस. या दिवसांत भरतीचं पाणी जितकं वर चढतं तितकंच सुकतीला खाली उतरतं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, आणि ती सुकती नेमकी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान लागते. तीन महिने मी लाल पेनानं चंद्राच्या नोंदी ठेवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

प्राथमिक शाळेत विज्ञान शोधत शोधत शिकवावं, असं मानणाऱ्यांपैकी मी होते. डी.एड.ला त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आठ पडले होते. पण निरीक्षण, त्यातून दिसलेला आकृतिबंध, मग त्याचं कारण, असं काहीतरी स्वतः शोधलेलं ही माझी पहिलीच वेळ. तीही एका मुलीला शिक्षा करायच्या भानगडीत.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगायला मला अजून अवघड जातं. आमच्या गावच्या पुळणीवर पाणी ओसरलं की ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या दिसतात. वाटाण्याहून लहान, एकसारख्या. मधे एक बीळ आणि त्याच्याभोवती या गोळ्या किरणांसारख्या पसरलेल्या. रांगोळी काढावी तशा. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना पुळणीवर नेलं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, ह्या गोळ्या कोण करतं?" मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी दापोलीला गेले, वाचनालयात बसून एका पुस्तकातून शोधून काढलं आणि सोमवारी वर्गात मोठ्या उत्साहानं सांगितलं: नखाएवढा एक खेकडा असतो, तो वाळूवरचा थर तोंडात घेतो, त्यातले खाण्याजोगे कण गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. मुलं "हां" म्हणाली. मी फळ्यावर लिहिलं, त्यांनी वहीत उतरवलं. संपलं. त्यानंतर त्या वर्षात त्या गोळ्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षीच्या मुलांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी म्हटलं, तुम्हांला काय वाटतं? हा प्रश्नही तसा धोक्याचा असतो. शिक्षकाला उत्तर माहीत आहे आणि तो आपल्याला खेळवतोय हे मुलांना वासानं कळतं. पण गोळ्या समोर होत्या म्हणून निभावलं. एक म्हणाला, अंडी आहेत. एकीचं म्हणणं, पिल्लांसाठी लाडू वळून ठेवलेत. तिसऱ्याचा अंदाज सगळ्यांत शहाणा होता: बीळ खणताना आतून निघालेली वाळू आहे, आमच्या घरी विहीर खणली तेव्हा असाच ढीग पडला होता.

मग माझं खरं काम सुरू झालं. यातलं खरं कोणतं, हे खेकड्याकडूनच कसं काढून घ्यायचं? अंडं असेल तर फोडल्यावर आत काय असेल? आतली वाळू असेल तर खेकडा ती कुठून आणताना दिसेल? अंड्यांचा निकाल दोन मिनिटांत लागला. बिळाच्या वाळूसाठी मात्र बसावं लागलं. हे खेकडे पावलाच्या चाहुलीनं गडप होतात. बडबडी म्हणून जिला मी रोज ओरडायचे ती मुलगी एका बिळाजवळ वीस मिनिटं उकिडवी बसली, ढिम्म न हलता. परत आली ती ओरडतच. खेकडा बिळातून काहीच आणत नाही, वरवरची वाळू दोन्ही हातांनी तोंडात भरतो आणि गोळी तोंडाच्या वरच्या बाजूनं बाहेर येते! एकानं विचारलं, मग ती त्याची शी का? तोंडातून शी म्हटल्यावर अर्धा तास वर्ग हाताबाहेर गेला.

दोन ग्लास घेतले. एकात गोळ्यांची वाळू, दुसऱ्यात शेजारची न खाल्लेली वाळू, दोन्हींत सारखं पाणी. ढवळलं. न खाल्लेल्या वाळूचं पाणी जास्त गढूळ झालं. म्हणजे त्यानं काहीतरी काढून घेतलंय! टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तर दोन्ही ग्लास सारखेच गढूळ. माझ्या मनात आलं की दुसऱ्या दिवसाचं सोडून द्यावं, पहिल्या दिवशीचं उत्तर पुस्तकाशी जुळत होतं. पण ग्लास मुलांनी पाहिले होते. वहीत दोन्ही निकाल लिहिले आणि खाली 'गोळ्या घेताना साधी वाळू मिसळली काय?' असं त्यांच्याच शब्दांत. तो प्रश्न तसाच राहिला.

याला शिकवण्याची नवी पद्धत वगैरे म्हणतात तेव्हा मला थोडं हसू येतं. याच किनाऱ्यावर, वर डहाणूकडे, बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची महागडी साधनं गरिबांच्या पोरांना परवडणार नाहीत, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलं गुरं राखायला जातात तर शाळाच कुरणात न्यायची. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांपासून सहावी ते आठवीसाठी असाच प्रयत्न सुरू झाला. मुलांनी प्रयोग करून निष्कर्ष काढायचे, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायचं. तीस वर्षांत तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला आणि 2002 मध्ये सरकारी आदेशानं बंद झाला. याच कार्यक्रमाच्या दिवसांत अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकार बनवायला सुरुवात केली. आज आपल्या शाळांत ते आकार सर्रास दिसतात, पण बऱ्याच वेळा प्रदर्शनाच्या टेबलावर, 'हात लावू नये' अशा चिठ्ठीसकट.

2015 नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाची लाट आली तेव्हा आमच्याही शाळेची फरशी रंगली. गोल, चौकोन, संख्यारेषा, बाराखडी. लोकवर्गणीतून ऑइल पेंट आणला, दोन रविवार आम्ही गुडघ्यांवर होतो. छान दिसायचं. गावातले लोक आपली शाळा ज्ञानरचनावादी (मूल स्वतः करून शिकतं असं मानणारी) झाली असं सांगायचे, म्हणजे फरशी रंगली. मी त्या रंगाची थट्टा करत नाही, पहिलीच्या पोरांना त्याचा उपयोग झाला. पण दाराबाहेर पुळण रोज दोनदा पुसून नवी होत होती आणि आम्ही आत फरशीवर लाटा रंगवत होतो, हे खरं आहे.

विज्ञानदिनाचंही तेच. 28 फेब्रुवारीला रामन यांच्या फोटोला हार, दोन भाषणं, एक ज्वालामुखी. ज्वालामुखी दर वर्षी असतो, सोडा आणि लिंबाचा. वास्तविक रामन यांची गोष्ट समुद्रकाठच्या शाळेइतकी कुठं शोभणार? 1921 साली बोटीनं परत येताना त्यांनी समुद्र निळा का दिसतो याचा विचार केला. तेव्हा मानलं जायचं की तो आकाशाचं प्रतिबिंब म्हणून निळा दिसतो. रामन यांनी खिशातला छोटा निकोल प्रिझम डोळ्याला लावून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला आणि पाहिलं, तर निळा रंग होताच. बोटीच्या कठड्याला टेकून, समुद्रालाच विचारून घेतलेलं उत्तर. हे मी भाषणात सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "मग आपला मातकट का?" पुढच्या वर्षी त्यावर काहीतरी करू म्हटलं. राहून गेलं.

आता पाऊणकी.

तिसऱ्या वर्षी वर्गात एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, नातू होता. आजोबांचे समुद्रावर जायचे दिवस संपले होते, दिवसभर धक्क्यावर जाळी सांधत बसायचे. मी त्यांना विचारलं, तुम्हांला भरतीची वेळ आधीच कशी कळते? ते म्हणाले, "पाऊनकी येते काय, बाई? तिथीला पाऊनकी लावायची."

तरुण वाचकांसाठी सांगते. पूर्वी शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायला लावत. माझे आजोबा बाजारात त्यावरच हिशेब करायचे. शाळेतून ती कधीच गेली. इथं मात्र तिच्यावर होड्या चालत होत्या. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पंचमी असेल तर पावणेचारला भरती. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला. पुनवेला सव्वाअकराला. घड्याळ आणि तिथी एवढंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी ही पाऊणकी फळ्यावर मांडली. नातवानं एका दमात म्हणून दाखवली. बाकीच्यांनी पंधरवड्याचा तक्ता करायला घेतला. त्यात एक मुलगा अडला. हुशार म्हणून त्याचं नाव नव्हतं, उलट खोड्यांसाठी होतं. म्हणाला, "बाई, रोज पाऊण तास पुढं जाते ना? मग पुनवेला सव्वाअकरा आणि पाडव्याला परत एकापासून मोजलं की बारा वाजून पाऊण तास, म्हणजे पावणेएक. इथं दीड तास कसा?"

मी तक्ता पाहिला. खरंच की. सगळीकडे पाऊण तासाची पायरी आणि पौर्णिमा ओलांडताना एकदम दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी कशाला मारेल? माझ्या ओठांवर आलं होतं, आजोबांना विचारू या. तेही चुकीचं नव्हतं. पण मग पुस्तकाच्या जागी आजोबा आले असते, बाकी सगळं तेच. हल्ली स्थानिक ज्ञानाचा गौरव करायची पद्धत आहे, मीही करते, पण गौरव म्हणजे तपासायचंच नाही असं झालं तर मुलांच्या हाती काय उरलं?

मग काठी आली. सहा हातांचा बांबू, दर दहा सेंटिमीटरला तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या खुणा.  खाडीच्या आतल्या धक्क्याला, जिथं लाटा कमी लागतात, तिथं ती बांधली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती शाळेच्या वेळात पडते, म्हणून ते दिवस निवडले. दोघादोघांची पाळी, दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. भरती नक्की किती वाजता झाली? पाणी वर येऊन थांबतं आणि बराच वेळ हलतच नाही. एक म्हणे बारा, दुसरा म्हणे साडेबारा. दोघंही खरे. इथं मी एक युक्ती सांगितली: पाणी चढताना एखाद्या खुणेला टेकलं ती वेळ घ्या, उतरताना त्याच खुणेला आलं ती वेळ घ्या, आणि दोन्हींचा मध्य काढा. ही मुलांनी शोधली असं लिहायचा मोह होतो. अशा लेखांत मुलं सगळंच स्वतः शोधत असतात. पण खरं सांगायचं तर ती माझी होती, आणि सांगितली नसती तर आम्ही तिथंच अडकलो असतो. काय सांगायचं आणि काय गिळायचं हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. ढोबळ हिशेब एवढाच: साधन सांगावं, निकाल सांगू नये. तोही दर वेळी पाळता आला नाही.

तीन पंधरवडे मोजलं. पहाटेच्या भरतीची वेळ नातू घरून आणायचा. कालवांना जाणारी ती मुलगी एव्हाना वरच्या शाळेत गेली होती, पण तिची धाकटी बहीण आता माझ्याकडे होती. सकाळची सुकती किती वाजता लागली हे ती येताना सांगायची. तिच्यापुढे मी कधी उ लिहिला नाही. तिच्या उशिराचा रकाना आता भिंतीवरच्या तक्त्यात होता.

आकडे लागले ते असे. पौर्णिमेच्या आधी पाऊणकी आणि पाणी बऱ्यापैकी जुळायचं. पौर्णिमा ओलांडली की पाणी पाऊणकीच्या अर्धा-पाऊण तास आधीच चढून बसलेलं असायचं. म्हणजे उडी पाण्यानं मारली नव्हती, पाढ्यानं मारली होती. एका पंधरवड्यात तर कॅलेंडरमधून तृतीयाच गायब, क्षय तिथी. पाऊणकीनं दोन पायऱ्या एकदम घेतल्या. पाण्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

रात्री खोलीवर बसून मी हिशेब केला. पंधरा तिथ्यांत भरती घड्याळाचा एक फेरा पुरा करते, म्हणजे बारा तास. दुसऱ्या दिवशी मुलांना तेवढंच दिलं: बारा तासांची पंधरा तिथ्यांत वाटणी करा. 720 भागिले 15. अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तीन मिनिटांचा फरक, पंधरा दिवसांत पंचेचाळीस मिनिटं साचतात, आणि दीड तासाच्या उडीत नेमकी तीच लपली होती. अडलेला मुलगा फळ्याजवळ उभा राहून "तीन-तीन मिनिटं चोरली!" असं ओरडला. चार पंचमांशचा पाढा तोंडी कोण म्हणणार? पाऊणकी येत होती, तिनं भागत होतं.

आजोबांना हे सांगायला आम्ही सगळे गेलो. मला थोडी धाकधूक होती, वडीलधाऱ्या माणसाचं गणित चुकीचं म्हणायचं. त्यांनी जाळ्यावरून मानही वर केली नाही. "आमास-पुनव गेली की आमी थोडं अलीकडंच धरतो. तेवढं तर कोनबी धरतो."

नातू भडकला. "मग मला का नाय सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी?"

अजून एक गोष्ट आकड्यांत होती, आणि ती मला आधी ठाऊक नव्हती. रोजची पायरीही सारखी नव्हती. उधाणाच्या दिवसांत भरती रोज पस्तीस-चाळीस मिनिटांनीच पुढे जायची, अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते तेव्हा, तासाहून जास्त. मला वाटलं मोजण्यात चूक आहे. पुन्हा दापोलीचं वाचनालय. चूक नव्हती. चंद्राबरोबर सूर्यही पाणी ओढतो, त्याची भरती आणणारी ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. दोघांच्या ओढीची जुळणी जशी बदलते तशी भरती थोडी लवकर किंवा थोडी उशिरा होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी रंगवलेल्या बांबूवर सूर्याची ओढ पकडली होती आणि मी त्यांना खाडाखोड करायला सांगणार होते.

त्याच दिवसांत एक साहेब शाळाभेटीला आले. वर्ग रिकामा, पोरं धक्क्यावर. त्यांनी पाठाचं टाचण मागितलं. टाचणात 'सजीवांच्या गरजा' होत्या. भरती-ओहोटी वरच्या वर्गाच्या भूगोलात आहे, तुम्ही चौथीला का घेता, असं विचारलं आणि शेरेबुकात 'अध्यापन पाठ्यक्रमास धरून असावे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी आठवडाभर धुमसत होते. पण त्यांनी आणखी एक विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: एकोणीस मुलं, एक बाई, आणि बाईला पोहता येतं का? येत नव्हतं. त्यानंतर मुलांच्या दोन आया आळीपाळीनं धक्क्यावर येऊन बसू लागल्या. त्या आल्यावर काठीपेक्षा त्यांच्या गप्पांतूनच जास्त कळायला लागलं.

"चंद्र एका बाजूला असतो, मग दिवसातून दोनदा भरती का?" हा प्रश्न व्हायचाच होता, झाला. मी सांगून टाकलं की याचं उत्तर आपल्याला धक्क्यावरून मिळणार नाही, आणि मलाही नीट सांगता येणार नाही. गॅलिलिओसारखा माणूस यात चुकला होता. 1632च्या ग्रंथात त्यानं भरतीचं कारण पृथ्वीचं फिरणं असं मांडलं, चंद्राचा संबंध धुडकावला, आणि त्याच्या मांडणीत भरती दिवसातून एकदाच यायला हवी होती. मुलांना हे भलतंच आवडलं. एक म्हणाली, "त्याच्या गावाला समुद्र नव्हता काय?" जवळ होता की, पण भूमध्य समुद्राला भरती अगदी जेमतेम असते, तिथं राहणाऱ्याला आपली खाडी दाखवायला हवी होती.

मे महिन्याच्या सुट्टीआधी एक छोटी गंमत झाली. हापूस तयार झाला का हे बघायला बागवाले तो पाण्यात टाकतात. चौदा आणे तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. ज्याच्या घरी बाग होती त्यानं हे सांगितलं आणि कुणीतरी लगेच विचारलं, समुद्राच्या पाण्यात पण? बादलीभर विहिरीचं, बादलीभर समुद्राचं. विहिरीच्या पाण्यात बुडलेल्या तीन आंब्यांपैकी दोन समुद्राच्या पाण्यात वर आले. घनता हा शब्द मी काढलाच नाही. आंबे खाऊन टाकले.

त्यानंतरही बरीच वर्षं मी तिथं होते. दर वर्षी नवी चौथी, नवे तक्ते, काठी तीच. मधेच रंग उडाला की मुलं पुन्हा लावायची. 2018 मध्ये माझी आंतरजिल्हा बदली झाली. आठ वर्षं अर्ज करत होते, घरी आई एकटी होती, नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. त्या शेवटच्या वर्षी तिसरीतल्या एकानं विचारलं होतं, "बाई, विहिरीला भरती येते काय?"

शाळेची विहीर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर, वाळूतच खणलेली. समुद्राकाठच्या काही विहिरींचं पाणी भरतीबरोबर थोडं वर-खाली होतं हे मी वाचलं होतं. आमची तशी आहे का, हे कुठल्या पुस्तकात असणार? आम्ही कठड्याला दोरी बांधली, विताविताला गाठी मारल्या, टोकाला दगड. मोजायला लागलो आणि लगेच घोळ झाला. गावातल्या बायका सकाळ-संध्याकाळ पाणी भरतात. पाणी उतरलं ते सुकतीमुळे की कळशांमुळे? मग ठरलं, दुपारी कुणी भरत नाही तेव्हाच मोजायचं. कधी दोन बोटं फरक दिसायचा, कधी काहीच नाही. एका बाईनं सांगितलं, मी दुपारचीपण एक कळशी नेते. पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यात माझा कार्यमुक्तीचा आदेश आला.

कार्यभार देताना डेडस्टॉक रजिस्टर लिहिलं. खुर्च्या चार, घंटा एक, पृथ्वीगोल एक (अक्ष मोडका). त्याखाली 'बांबू, खुणा केलेला, एक' असं लिहिलं. दोरी लिहायची राहिली.

आता मी माझ्या गावाजवळच्या शाळेत आहे. इथल्या विहिरींना भरती येत नाही, मार्चनंतर पाणीसुद्धा येत नाही. बदलून गेले त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. त्या बीडकडच्या, समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, विहिरीच्या कठड्याला एक दोरी बांधलीय, गाठीगाठींची. मी सोडायला गेले तर पोरं सोडू देईनात. कशाची आहे हो?"

उत्तर जिभेवर होतं. मी विचारलं, "आज तिथी कोणती आहे?"